नदीसाठी बांधलेली

मुर्गाबच्या बाजारात दुकानं म्हणजे जुने मालडबे,
वाऱ्याकडे पाठ करून उभे.
अकराव्या डब्यात उलकन-एजे बसते.
नमदा झटकून तिनं तीन कार्ब्युरेटर मांडले,
तीन स्थळं दाखवावीत तसे,
आणि म्हणाली, बघ.

माझी उआझ माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
भूगर्भवाल्यांनी टाकली, पशुवैद्यांनी उचलली,
मी तिच्याबरोबर फुकट आलो.
हल्ली चढाला काळं खोकते,
सपाटीवर उचक्या देते,
शंभर किलोमीटरला पंचवीस लिटर पिते
आणि वर माझ्याकडेच बघते.

पहिला ओशहून आलेला, दोन नळ्यांचा.
आत इतकी भोकं, इतके पडदे,
की चालला तर इंजिन मांजरासारखं,
आणि बिघडला तर शहाणा माणूस
चार स्क्रू मुठीत धरून रस्त्याकडे बघत बसतो.
दुसरा चिनी. चकचकीत. जेटवर आकडाच नाही.
ज्यानं आकडा लिहिला नाही, एजे म्हणाली,
त्याला भांडायला कुठं गाठणार?
तिसरा माझाच, काल मीच काढून दिलेला,
एका नळीचा, कळकलेला, ओळखीचा.

त्याचा फ्लोट तिनं कानाशी हलवला.
आत पेट्रोल चुळबुळलं.
"ज्यानं तरंगायचं तोच बुडालाय.
भांडं भरलं हे आता सांगणार कोण?"

किटली उकळत होती.
इथं पाणी लवकर उकळतं
आणि चहा कधीच पुरता गरम नसतो.
त्या पाण्यात तिनं फ्लोट चमच्यानं दाबून धरला.
शिवणीतून एक बुडबुडा.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.
तिनं नखानं खूण केली.
आम्ही चहा घेतला. दुसऱ्या किटलीतला,
मी विचारून खात्री केली.

कथिलाचा थेंब, गव्हाच्या दाण्याहून लहान.
"जास्त लावला की जड होतो,
जड झाला की खोटं बोलायला लागतो."

मग जेट.
ज्यानं हे भोक पाडलं
त्यानं उभ्या जन्मात दाट हवा खाल्ली.
इथं हवा अर्धपोटी, पेट्रोल मात्र तेवढंच,
म्हणून तो धूर.
कथिलानं बुजवायचं, बारीक ड्रिलनं पुन्हा पाडायचं.
किती बारीक, मी विचारलं.

"मला काय विचारतोस?
इथल्यापुरती बांधली तर खिंडीत खोकेल.
खिंडीसाठी बांधली तर खाली खोरोगच्या वाटेवर तापेल.
सगळीकडे बरोबर असं भोक नसतं.
कुठं बंद पडलेली परवडणार नाही, ते सांग."

मी अक-बैताल म्हणणार होतो.
सगळे तेच म्हणतात.
पण खिंडीला दोन्हीकडे उतार आहे,
न्यूट्रल टाकली की गाडी आपली आपण निघते.
उतार आठवला तो दुसराच, नदीचा.
जूनचं बर्फाचं पाणी, गुडघ्याच्या वर,
मागे दोरीनं बांधलेलं याकचं आजारी वासरू,
सायलेन्सर पाण्याखाली बुडबुडतोय,
आणि पाय जरा सैल पडला की संपलं.
मादुमारची गाडी अजून तिथंच आहे.
शरदात पाणी ओसरलं की टप दिसतो,
त्यावर पक्षी बसतात.

"नदीत," मी म्हणालो.

तिनं पहिल्यांदाच मान वर केली.
शिवणयंत्राच्या सुयांच्या डबीतून
केसाएवढं ड्रिल काढलं, प्रकाशाला धरलं,
ठेवून दिलं, त्याहून जरा जाड घेतलं.
मग बराच वेळ आम्ही बोललो नाही.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं टायरला पाठ लावून झोपलं होतं.

पैसे तिनं निम्मेच घेतले.
बाकीचे? वासरू पोचवून आलास की.

आता खिंडीत ती खोकणार आहे.
खोकू दे.
काच मी आत्ताच खाली करून ठेवलीय,
आणि रोटीला पेट्रोलचा वास येतोय.